फोटोपुरता सदरा

मित्रांनो, मी एक जुना सदरा आहे आणि माझा रंग केळीच्या कोंबासारखा हिरवा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपला रंग आपण नाही सांगायचा तर कोणी सांगायचा? आता थोडा विटलोय. पण खिडकीशी उन्हात धरलंत तर अजूनही कोंबच दिसेल, पैज लावा!

माझा जन्म मलेशियातल्या बातू पाहात गावचा, साओदा माकच्या शिलाई मशीनवर. माक म्हणजे आई. त्यांना दोनच मुलं, पण अख्खी गल्ली त्यांना माक म्हणते, म्हणून मीही म्हणतो. आमच्याकडे ईदला सगळं कुटुंब एकाच रंगात नटतं. आजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत एकच रंग. तो कोणता, हे रमजान लागायच्या आधी ठरतं, आणि या घरात ते माकच ठरवतात, कारण शिवणार त्याच. माझ्या वर्षी त्यांनी हिरव्याचं ठाण आणलं तेव्हा त्यांचे थोरले भाऊ पाक लोंग कपाळाला हात लावून बसले होते.

"साओदा, या रंगात मी शहाळं दिसेन गं."

"आहात तसेच दिसाल, लोंग. रंगाला दोष नका देऊ."

मी शिवला गेलो शुक्रीसाठी. शुक्री माकचा थोरला. वय एकोणीस. पुलापलीकडे सिंगापुरात एका गोदामात कामाला होता, सुट्टीला घरी यायचा. तो माप द्यायला उभा राहिला ती मजा मला आठवते (मी तेव्हा ठाणातच होतो, पण ऐकू येत होतं). एका जागी ठरेल तर शपथ! टेप काखेत गेली की गुदगुल्या व्हायच्या, मग माक त्याच्या डोक्यात टपली मारायच्या.

"माक, सैल ठेव. ईदच्या दिवशी माझं पोट दुप्पट होतं."

"शिलाईत कापड राखते. तू खा पोटभर."

माझ्या गळ्याला कॉलर नाही. त्याऐवजी गोल कडेने बारीक हातशिलाई आहे, वाम माशाच्या काट्यासारखी. आमच्या जोहोर प्रांताकडच्या सदऱ्यांची हीच तर ऐट. ती घालताना माक बोलत नाहीत, सुईतला दोरा संपला तरच श्वास सोडतात. मी तयार झालो, इस्त्री झालो, हँगरला लागलो. बाजूला विजार, वर काळी मखमली टोपी. मला वाटलं, झालं, आता ईद आणि मी!

ईदच्या आधीच शुक्री पकडला गेला.

तो आणि त्याचा एक मित्र मोटारसायकलवरून पूल ओलांडत होते. सीटखाली पुडकं सापडलं. पुलापलीकडचा कायदा वजनावर चालतो, मित्रांनो. पंधरा ग्रॅमच्या वर शुद्ध हेरॉइन भरलं की फाशी. पुढे न्यायाधीशांना वाटलं तरी शिक्षा कमी करता येत नाही, एक पळवाट सोडली तर. आरोपी नुसता वाहून नेणारा असेल, आणि त्याने धंदेवाल्यांची अशी माहिती दिली की पोलिसांच्या खरंच उपयोगी पडली, तर सरकारी वकील तसा दाखला देऊ शकतात. मग फाशीऐवजी जन्मठेप आणि फटके. मित्राला माणसं माहीत होती, नावं माहीत होती, त्याला दाखला मिळाला. शुक्रीला फक्त मित्र माहीत होता.

पाक लोंग तेव्हा ओट्यावर बसून म्हणाले होते, "ज्याला धंदा ठाऊक होता तो वाचला. ज्याला काहीच ठाऊक नव्हतं त्याच्याकडे द्यायलाही काही नव्हतं. बस, एवढंच झालं."

मी त्यात बरं-वाईट म्हणत नाही. मी कापड आहे. घडलं तसं सांगतोय.

मग वर्षं गेली. अपील झालं, दयेचा अर्ज झाला, दोन्ही फेटाळले गेले. पण माक काय करायच्या माहीत आहे? दर ईदला नवा रंग ठरवायच्या आणि सगळ्यांबरोबर शुक्रीचाही सदरा शिवायच्या. माप अंदाजाने. आईचा अंदाज काय सांगावा? दर वर्षी त्या त्याला थोडा रुंद करायच्या. मोहरीचा पिवळा आला, जांभळा आला, आकाशी आला, सगळे माझ्या अंगावर रचले गेले. मी तळाला. वरचे सगळे गुबगुबीत, आणि ज्याला त्याच्या खऱ्या अंगाचं माप ठाऊक तो मी खाली चेपलेला! मला राग यायचा, खोटं का बोलू?

कोणी विचारलं की माक म्हणायच्या, "आला की सगळे घालेल. एक झाला की दुसरा. एवढे दिवस आमच्या घरी रोज ईद."

असं सगळं चाललेलं असताना एका दुपारी तुरुंगातून फाशीचा निरोप आला. येत्या आठवड्यात, पहाटे.

शुक्रीची धाकटी बहीण सल्बिया पुलापलीकडे जाऊन सगळं विचारून आली. ती आता चोविशीची, बातू पाहातच्या दवाखान्यात कामाला. आली ती थेट शिलाईच्या खोलीत.

"माक, कपडे मागितलेत."

माक बॉबिन भरत होत्या. "कसले?"

"फोटोसाठी. घरचे कपडे घालून तिथे त्याचे फोटो काढतात, मग आपल्याला देतात. सगळ्यांचेच काढतात."

"फोटो शाळेत काढतात, लग्नात काढतात. हा कसला फोटो?"

"माक, ऐक ना."

"ऐकतेय. कपाटातले कपडे ईदचे आहेत. ईदला घालेल तो."

सल्बियाने कपाटाच्या मुठीवर हात ठेवला. माक उठल्या आणि कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. एवढीशी बाई, पण कपाट झाकलं गेलं.

"मी कपडे दिले म्हणजे मी हो म्हटलं, सल्बिया."

"तुला कोणी विचारलंय का, हो की नाही?"

"कोणी विचारत नाही म्हणून तर मी माझं 'नाही' इथे उभं करून ठेवलंय."

सल्बिया जमिनीवर बसली. तिथूनच म्हणाली, "माझ्याकडे त्याचा मोठेपणीचा एक फोटो नाही. सगळ्यांत तो मिसरूड फुटलेला पोरगाच आहे. उद्या माझ्या पोरांना काय दाखवू?"

"तुला पोरं कुठली? आधी लग्न कर."

बोलून गेल्या. रोजचा टोमणा होता, रोजच्या सवयीने आला. मग माक स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासू लागल्या. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "माझ्या हाताने देणार नाही."

सल्बियाने कपाट उघडलं. ढीग उपसला. आणि तळातून मला काढलं! "हा त्याच्या अंगावर बेतलेला आहे," ती स्वतःशी म्हणाली. मी काय सांगू, एवढ्या वर्षांनी माझी घडी मोडली!

असा मी पूल ओलांडला. आणि त्या आठवड्यात एका सकाळी, तुरुंगातल्या एका खोलीत, पहिल्यांदा अंगावर चढलो.

मला वाटलं होतं खांदे भरून येतील. खांदे आलेच नाहीत. गळ्यातून मान आली, बाहीतून मनगटं आली, मधे नुसती हवा. एकोणीस वर्षांच्या पोराचा सदरा तिशीच्या माणसाला सैल होत होता. कॅमेरा घेऊन आलेले साहेब दोन पावलं मागे गेले, मान कलती केली, मग खिशातून कपड्यांचे चिमटे काढले आणि मला पाठीमागे चुण्या घालून आवळलं. त्यांना सवय असावी.

"समोरून कसा दिसतो, साहेब?" शुक्रीने विचारलं.

"टापटीप."

"आणि मागून?"

"मागून दोरीवरचं धुणं."

शुक्री हसला. साहेबांनी तेवढ्यात बटण दाबलं. मग उभ्याने, बसून, हनुवटीला हात लावून.

"हे असं मी जन्मात बसलो नाही," शुक्री म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात. आणि घरच्यांना तोच आवडतो."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती पहिली नोकरी. सकाळच्या चहाला लागतो तेवढा वेळ. मग चिमटे काढले, मला घडी घालून पिशवीत ठेवलं.

आणि ऐका! ठरलेल्या पहाटेच्या आदल्या दुपारी वकिलांचा फोन आला. कोर्टाने स्थगिती दिली होती. दुसऱ्या एका खटल्यात कायद्याचा मुद्दा अडला होता, त्याचा निकाल लागेपर्यंत शुक्रीलाही हात लावायचा नव्हता. सल्बिया फोन हातात घेऊन अंगणात अनवाणी पळत सुटली. पाक लोंग गडबडीत कोंबडीवर पाय देता देता राहिले.

भेटीहून ती मला घेऊन परतली. माकने पिशवी उघडली. मला वाटलं आता ओरडतील. त्या मला उलटसुलट करून बघत राहिल्या.

"हाच घातला होता?"

"हो."

"आणि थांबलं?"

"माक, ते कोर्टाने थांबवलं. वकिलांनी..."

"हाच घातला होता ना? मग झालं."

त्या दिवसापासून माझं नशीब उघडलं. कपाटाचा तळ सुटला. मला धुऊन, तांदळाच्या पेजेची खळ देऊन, मशीनच्या वर खुंटीला लावलं. दर शुक्रवारी इस्त्री! शेजारणी यायच्या, "हाच का तो?" म्हणून बोट लावून बघायच्या. एकीने पोराच्या परीक्षेच्या आधी माझी बाही त्याच्या डोक्यावरून फिरवली. पोरगा नापास झाला, पण ती म्हणाली, विषय अवघड होता. आणि वरचे सगळे, पिवळा, जांभळा, आकाशी, कपाटात! मी फुगलो होतो, कबूल करतो. कापडाला खळ लागली की ते ताठच होतं.

पाक लोंगना हे पटेना. ते मशिदीत पुढच्या रांगेत बसणारे. "साओदा, कपड्यात काही नसतं. देणारा एक अल्ला. हे असलं मानणं पाप आहे."

"मी कुठे नमाज पढते त्याच्यापुढे, लोंग? इस्त्री करते."

"दर शुक्रवारी?"

"सुरकुत्या पडतात."

सल्बियाने शुक्रीचा निरोप आणला होता: "माकला सांग, त्या सदऱ्यात मी आणि अजून एक जण मावतो." माक हसल्या नाहीत. पुढच्या भेटीला स्वतः गेल्या. भेट काचेआडून, कानाला फोन लावून. काचेतून बसलेला माणूस दिसतो, त्याचं माप दिसत नाही. पण घरी येऊन सल्बिया सांगत होती, "अबांगला (म्हणजे दादाला) तिने उभं केलं, वळायला लावलं, हात पसरायला लावले. तो म्हणाला, माक, गुदगुल्या तरी कर. मग ती नुसती बघत होती."

ईद आली आणि गेली. मग त्या दुसऱ्या खटल्याचा निकाल लागला आणि त्यातून शुक्रीसाठी काहीच निघालं नाही. वकिलांनी अजून एक अर्ज केला, तो ऐकला गेला आणि फेटाळला गेला. पुन्हा निरोप आला. येत्या आठवड्यात, पहाटे.

या वेळी सल्बिया दारातच उभी राहिली, तिला आत यायचा धीर होईना. माकच म्हणाल्या, "कपडे मागितले असतील. हाच ने." आवाजात घाई नव्हती, भीती नव्हती. जणू पोराला सर्दी झालीय आणि मागच्या वेळचं औषध घरात आहे.

त्यांनी मला खुंटीवरून काढलं, उलटं केलं आणि दोन्ही बगलांकडून आत घेऊ लागल्या. सुईने, लांब लांब टाके घालत.

"माक, मशीनवर पक्की शिलाई मार ना. निघून येईल."

"कच्चा टाकाच बरा. घरी आला की अंगाने भरेल. मग उसवायला सोपा."

सल्बियाने तोंडावर ओढणी घेतली. पाक लोंग दारात उभे होते. तेही या वेळी पाप-पुण्याचं काही बोलले नाहीत.

पुन्हा तीच खोली, तेच साहेब. त्यांनी खिशातले चिमटे काढून ठेवले होते, पण लागले नाहीत. मी बसलो होतो! खांद्याला खांदा, छातीला छाती. मी पहिल्यांदा सदऱ्यासारखा सदरा झालो.

चढवण्याआधी शुक्रीने मला उलटं करून पाहिलं होतं. ते लांब टाके त्याने बोटाने चाचपले. शिंपिणीचं पोर, त्याला कोणी समजावून सांगायला नको.

"कच्चा टाका आहे, साहेब."

"निघेल का? पिन देऊ?"

"नाही, नाही निघणार. आईला वाटतंय मी घरी येणार."

साहेब कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "हसा. नाही तर नका हसू. दोन्ही काढतो, कोणता ठेवायचा ते त्या ठरवतील."

शुक्रीने टोपी सरळ केली. तो हसला की नाही, हे मला माहीत नाही. मी गळ्यापासून खाली असतो. श्वास मात्र मला कळत होता. तो संथ होता.

त्या पहाटे मी तिथे नव्हतो. त्या कामाला घरचे कपडे लागत नाहीत. मी एका कागदी पिशवीत होतो, फोटोंच्या पाकिटाशेजारी. शुक्रीला पुलावरून घरी आणलं, न्हाऊ घातलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं. त्या कापडाला शिलाई नसते, माप नसतं, रंगही ठरवावा लागत नाही. पाक लोंग आणि मशिदीतली माणसं त्याला घेऊन गेली. सगळं दुपारच्या आत उरकलं.

संध्याकाळी माकने पिशवी उघडली. फोटोंचं पाकीट सल्बियाला दिलं. मला दोन्ही हातांत धरलं आणि अगदी हळू, एखाद्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, "खोटारडा."

आणि मला चिंध्यांच्या खोक्यात टाकलं.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. मी काही बोललोच नव्हतो. पहिल्या वेळी थांबवलं ते कोर्टाने, दुसऱ्या वेळी थांबवलं नाही तेही कोर्टानेच. कायदा माणसांनी लिहिला, वजन माणसांनी केलं, दाखला माणसांनी दिला आणि माणसांनीच दिला नाही. माझ्या गळ्याचा टाका दोन्ही वेळा तोच होता. पण हे मी कोणाला सांगणार? माझ्यावर उरलेले कपडे पडत गेले, अस्तरांचे तुकडे, तुटकी बटणं. एकदा एक झुरळ येऊन राहून गेलं. पुढच्या ईदला माकने रंगच ठरवला नाही. पाक लोंग मागचाच सदरा घालून नमाजाला गेले आणि कोणी त्यांना शहाळं म्हटलं नाही.

मग एक दिवस खोलीत एक अनोळखी आवाज आला. सल्बिया कोणाला तरी घेऊन आली होती. क्लुआंग गावच्या अंजलैबाई. तुरुंगाबाहेरच्या बाकावर दोघींची ओळख झालेली. त्यांचा मुलगाही आत होता, आणि त्यांनाही निरोप आला होता.

"दुकानात गेले होते शर्ट घ्यायला," अंजलैबाई सांगत होत्या. "पोरगी विचारते, साइज काय? मला सांगता येईना. एवढा राग आला! पोटचा पोरगा, आणि साइज ठाऊक नाही. तशीच परत आले."

माक मशीनवरून उठल्या नाहीत. "किती वर्षं झाली आत?"

"नऊ."

"आत गेला तेव्हा केवढा होता?"

"केवढा! आमच्या दारातून आडवा जायचा. रेड्यासारखा. त्याचा बाप म्हणायचा, भाताचं पातेलं तरी सोड रे."

"आता तसा नसेल."

"काचेतून तर तसाच वाटतो."

"वाटतो."

मग अंजलैबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझा नवरा म्हणतो, कपडे देऊ नकोस. दिलेस म्हणजे तू मान्य केलंस. तुम्ही सांगा, देऊ की नको?"

माझ्या वरचे तुकडे हलले. माकचा हात खोक्यात आला, चाचपत चाचपत तळाशी गेला आणि त्यांनी मला ओढून बाहेर काढलं. झटकलं. टेबलावर उलटं पसरलं.

"एकदा मी अडवलं, तेव्हा तो वाचला," माक म्हणाल्या. "एकदा मी स्वतः दिलं, तेव्हा गेला. कपड्यांना कोणी विचारत नाही, बाई. तुम्हालाही विचारणार नाही. पण घालायचेच आहेत, तर अंगाला बसतील असे द्या. पाठीला चिमटे लावावे लागू नयेत."

त्यांनी अंजलैबाईंचा हात धरून माझ्या बगलेवर ठेवला. "ही बाहेरची शिलाई, तो गेला तेव्हाची. ही आतली, नंतरची. मधे बोटं घालून बघा."

अंजलैबाईंनी बोटं घातली. खूप वेळ काढली नाहीत.

"दोन्ही अंगांनी एवढं कमी धरते," माक म्हणाल्या आणि टेप घेतली. "त्याचा आवडता रंग कोणता?"

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. इस्त्री होत नाही, खळ नाही, कोणी बाही डोक्यावरून फिरवत नाही. पण काम आहे. अंजलैबाईंनंतर आणखी एक आई आली, तिच्यानंतर एका कैद्याची बायको. माक मला काढतात, पसरतात, बोटं घालायला लावतात, आणि त्या मापाने शिवतात. फोटो चांगले येतात म्हणे.

मित्रांनो, प्रत्येक सदरा तुमच्याकडे एकच मागणं मागेल: मला घाला, खुंटीवर ठेवू नका. मीही वर्षानुवर्षं तेच मागत होतो. आज माझं मागणं उलटं आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कोणी वजन करायला बसेल, कोणी दाखला द्यायला, कोणी निकाल लिहायला. तेव्हा माझ्यासारख्या चिंधीला दैव समजून सगळं तिच्यावर सोडू नका. आणि जमलंच तर असं करा, की दारात कोणी येऊ नये, माकला टेप उचलावी लागू नये, आणि मी इथेच, या खुंटीवर, निवांत विटत जावं.